कातळशिल्पाची गोधडी जमत नाहीये. तुम्ही कल्पना कुठून आणता?

सड्याखालची | २६ ऑक्टोबर, दुपारी ३.१०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी राजापूर तालुक्यात राहते, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याच्या वाडीत. गोधड्या लग्नाआधीपासून शिवते, पण गेली सहा वर्षं भिंतीवर टांगायच्या शिवतेय. बाहेर त्याला आर्ट क्विल्ट म्हणतात, आमच्या घरात ‘हिचं ते भिंतीचं’ म्हणतात. आंब्याच्या पेट्या ठेवायचा मांगर आहे, त्यातला अर्धा सासऱ्यांनी मला दिलाय. मार्च ते मे पेट्यांचा, बाकी नऊ महिने माझा. दारासमोरच्या भिंतीवर फ्लॅनेलची जुनी चादर ठोकली आहे. सुती तुकडा तिच्यावर थापला की चिकटून राहतो, टाचणी लागत नाही. दहा वेळा हलवून बघता येतो. माझा स्टुडिओ म्हणजे एवढंच. शिवाय एक पायमशीन, एक स्टूल आणि एक मांजर (ती तुकड्यांवरच झोपते).

आता अडचण. गणपती झाल्यापासून कशेळीचा हत्ती करायला घेतलाय. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, सड्यावर जांभ्यात कोरलेली आकृती आहे, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. हत्तीच्या आत आणखी मासे, प्राणी, पक्षी कोरलेत. नेटवरचे फोटो काढले, आलेखाच्या कागदावर मोठा करून घेतला, विटकरी जमीन, आमसुली हत्ती, आतल्या प्राण्यांना मोतिया आणि शेवाळी. सगळे तुकडे कापले, चादरीवर लावले. दिसतं काय? बँकेच्या कॅलेंडरवरचा हत्ती. तीनदा उसवलं. आता मांगरात जायचाही कंटाळा येतो, गेले की कपाट आवरत बसते.

जे करतात त्यांना विचारायचंय. अशा वेळी काय करता? कल्पना येते कुठून?

चिपळूणची_काकू | २६ ऑक्टोबर, संध्या. ६.४५

पहिलं म्हणजे तो हत्ती भिंतीवरून काढ आणि घडी घालून ठेव. रोज तोंडासमोर अपयश लटकलेलं बघून कोणाला सुचतंय?

मी अडकले की एकच नियम लावते. एक लुगडं. कपाटातलं एकच जुनं नऊवारी काढायचं आणि एक हात लांब, एक हात रुंद तुकडा फक्त त्यातूनच करायचा. दुसऱ्या कापडाला हात लावायचा नाही. नऊवारीत अंगाचा रंग, काठ, पदर, झिजलेला भाग, न झिजलेला भाग असं इतकं काही निघतं की विचारू नकोस. निऱ्यांच्या आत राहिलेला रंग आणि उन्हात उडालेला रंग शेजारी ठेवून बघ. एकाच कापडाच्या त्या दोन छटा दुकानात मागून मिळत नाहीत.

मोठ्या कामाआधी असे तीन-चार छोटे कर. बिघडले तर पायपुसणी.

उगाच_विचारतो | २६ ऑक्टोबर, रात्री ९.०२

राग मानू नका, पण भिंतीवर टांगलेल्या गोधडीचा उपयोग काय? पांघरता येत नाही, धुता येत नाही. चित्रच हवं असेल तर कॅनव्हासवर काढावं. आमच्या आजीने कधी कलाकार म्हणून मिरवलं नाही, पण तिच्या गोधडीत झोप लागायची.

ओहायोची_वहिनी | २७ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

@उगाच_विचारतो, दर वेळी कोणीतरी हे विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुन्या अमेरिकन गोधड्या पलंगावरून उचलून चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या. लोक चकित झाले. त्या गोधड्यांचं रूप तेच होतं, फक्त बघायचं अंतर बदललं. दोन हातांवरून पांघरूण दिसतं, पंधरा फुटांवरून रचना दिसते. पुढे २००२ मध्ये अलाबामातल्या जीज् बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या त्याच म्युझियममध्ये लागल्या. शेतात घालून विटलेल्या पँटींच्या, पिठाच्या पोत्यांच्या. गुडघ्यावर जिथे ठिगळ होतं ते काढलं की खाली गडद निळा चौकोन निघायचा, तोच त्यांनी रचनेत वापरला. काकूंचं लुगडं आणि हे एकच.

आणि सड्याखालची, तुम्हाला मांगराची लाज वाटत असेल तर ऐका. आमच्या राज्यात अथेन्स नावाच्या गावी क्विल्ट नॅशनल भरतं, आर्ट क्विल्टचं जुनं आणि नावाजलेलं प्रदर्शन. १९७९ मध्ये सुरू झालं, दोन वर्षांतून एकदा असतं. जागा कोणती? जुना गाईंचा गोठा! नावच डेअरी बार्न. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला आमच्या गुहागरच्या घराची आठवण आली, फक्त शेणाचा वास नव्हता.

तिरकस_मालवणी | २७ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

माझी आवस गोधडी शिवूक बसली की आमका जवळ फिरकूक देय नाय. सुई हरवली तर रातीक कोणाच्या तरी पाठीत घुसतली म्हणान. तेका कोण आर्ट म्हणी नाय ह्यां खरां. पण आवशीक इचारलास, तर खयचो तुकडो कोणाच्या लुगड्याचो तां ती डोळे मिटान सांगी. हो आज्येचो, हो मावशेच्या लग्नातलो, हो तुझ्या बापाशीच्या शर्टाचो. पोरांका झोपयताना तीच गोष्ट. आता उगाचभाऊ, हेका तुमी काय म्हणतालास? नुसतां पांघरूण?

उगाच_विचारतो | २७ ऑक्टोबर, दुपारी १२.०५

तेच तर म्हणतोय. ती गोष्ट पांघरुणात होती. भिंतीवर नव्हती.

गावठी_शिंपी | २७ ऑक्टोबर, रात्री १०.१५

वाद चालू द्या, मी कामाचं बोलतो.

ताई, तुमचे रंग सांगितलेत त्यातच गोम आहे. विटकरी आणि आमसुली हे दोन वेगळे रंग असले तरी गडदपणा सारखाच. मोबाइलवर फोटो काढा आणि काळा-पांढरा करून बघा. हत्ती गायब झालेला दिसेल. गिऱ्हाईक ब्लाउजपीस निवडतं तेव्हा मी डोळे बारीक करून बघायला सांगतो, तेच हे. रंगाआधी उजेड-अंधार जुळवायचा.

पायमशीनवर मोकळी फिरती शिलाई करत असाल तर कापड पुढे सरकवणारे खालचे दाते झाकले गेले पाहिजेत. जुन्या मशीनला दाते खाली करायची सोय नसेल तर जुन्या एटीएम कार्डाला सुईपुरतं भोक पाडून दात्यांवर चिकटपट्टीने बसवा, दाबपट्टी काढून रफूची बसवा. कापड हाताने फिरवायचं, पाय एका लयीत. थर जाड असतील तर १६ नंबरची सुई. खालचा दोरा वर टिपक्यांसारखा दिसायला लागला तर वरचा ताण कमी करा, शटलला (खालच्या दोऱ्याच्या भागाला) लगेच हात लावू नका. निम्मी मशीनं लोक तिथेच बिघडवतात.

आणि कोकणात आहात म्हणून सांगतो, पावसाळ्यात सुई मशीनला लावून ठेवू नका. रात्रीत गंजते आणि सकाळचा पहिला टाका पांढऱ्या कापडावर तांबडा डाग सोडतो. हा डाग सहजी जात नाही. सुया तेलाच्या बोटाने पुसून डबीत, ओल धरू नये म्हणून कापडाच्या कपाटात कमी वॅटचा साधा बल्ब.

सड्याखालची | २८ ऑक्टोबर, दुपारी २.४०

सगळ्यांचे आभार. शिंपीदादा, फोटो काळा-पांढरा करून बघितला. तुम्ही म्हणालात तस्संच, नुसता राखाडी चिखल. आमसुली बदलून फिकट अबोली लावली. आता हत्ती दिसतो, पण कॅलेंडर काही गेलं नाही. उलट कॅलेंडर जास्त ठळक झालं.

काकू, लुगडं काढलंय. आजेसासूबाईंचं, हिरवं. कात्री लावायला हात होत नाही.

उगाचभाऊ, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर नाही. मला भिंतीवर शिवायला आवडतं एवढंच.

कारवारकडची | २८ ऑक्टोबर, संध्या. ७.५०

आधी कागदावर काढून मग कापणं, हीच खोट असेल का? आमच्या उत्तर कन्नडमध्ये हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्या काही आखत नाहीत. खाली जुनी साडी पसरायची, कडेपासून तुकडे लावायला घ्यायचे, कडा आत दुमडत धावदोरा घालत चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे यायचं. हातातला तुकडा पुढचा तुकडा ठरवतो. शेवटी चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणांची फुलं लावायची, त्याशिवाय कवंदी उघडी समजतात.

मी त्यांच्याकडे बसून शिकले. पहिल्या दिवशी मी विचारलं, मध्यभागी काय येणार? सगळ्या हसल्या. तिथे पोचल्यावर कळेल म्हणाल्या.

चिपळूणची_काकू | २८ ऑक्टोबर, रात्री ८.३०

हे छानच. पण सड्याखालची, लुगड्याला कात्री लावू नको. फाड. सुती कापड धाग्यावर सरळ फाटतं आणि फाडताना जो आवाज येतो ना, त्याने हात मोकळा होतो.

गावठी_शिंपी | २८ ऑक्टोबर, रात्री ९.१०

काकू, माफ करा, पण भिंतीवर टांगायच्या कामाला आजेसासूंचं लुगडं नको. जुनं सूत विरलेलं असतं. गोधडी पलंगावर असते तेव्हा वजन पसरतं, टांगली की सगळा भार वरच्या काठावर. चार-पाच वर्षांत टाक्याटाक्याला फाटणार. नवं मांजरपाट घ्या, दोनदा गरम पाण्यातून काढा, आटायचं ते आटू दे.

चिपळूणची_काकू | २८ ऑक्टोबर, रात्री ९.२५

मांजरपाटातून आजेसासूबाई कशा येणार?

गावठी_शिंपी | २८ ऑक्टोबर, रात्री ९.३१

पाठीमागे मांजरपाट, पुढे लुगडं. टाके जवळजवळ. झालं समाधान? वरच्या कडेला मागून पूर्ण रुंदीची कापडी नळी शिवा आणि त्यातून बांबूची काठी घाला, नुसत्या दोन कड्या नकोत.

कातळवाट | १ नोव्हेंबर, सकाळी ६.५५

धागा आज वाचला. मी शिवणकामातलं ओ का ठो जाणत नाही. पण पर्यटकांना बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, कशेळी दाखवायला नेतो, त्यामुळे हत्तीबद्दल दोन गोष्टी सांगू शकतो.

एक. तुम्ही जे फोटो काढलेत ते ड्रोनचे आहेत. आकाशातून. जमिनीवर उभं राहून हत्ती दिसत नाही हो! पायाशी एक रेघ दिसते. तिच्याबरोबर चालत गेलात की ती वळते, मग कळतं की पाठ संपली आणि सोंड लागली. ज्यांनी कोरली त्यांनीसुद्धा आपला हत्ती तुमच्यासारखा अख्खा कधी पाहिला नसणार.

दोन. माझ्याकडे लोक मुंबईहून निघून दुपारी बाराला पोचतात आणि म्हणतात, कुठे आहे? दिसत नाही. बरोबरच आहे. ऊन डोक्यावर असताना चरात सावली पडत नाही. दगडही तांबडा, चरही तांबडा. सकाळी सूर्य वर येतो तेव्हा किंवा मावळताना तिरपं ऊन आलं की सगळ्या रेघा उठून येतात, मग त्याच लोकांच्या तोंडून शब्द फुटत नाही. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये ही शिल्पं गेली, तेव्हापासून गर्दी वाढली आहे, पण गर्दी बाराचीच.

तुमच्या गोधडीत चार-पाच रंग आहेत असं दिसतं. कातळावर एकच आहे.

सड्याखालची | १ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

कातळवाट, हे वाचून चहा गार झाला.

मी राहते सड्याच्या पायथ्याशी आणि कशेळीला शेवटची गेले ती चार वर्षांपूर्वी, पाहुण्यांबरोबर, दुपारी. पुढे काही लिहीत नाही. जाऊन येते.

तिरकस_मालवणी | १ नोव्हेंबर, सकाळी १०.००

जावा जावा. आणि चपला भायर काढून जावा, रेघो झिजतत.

सड्याखालची | ९ नोव्हेंबर, रात्री ८.२०

जाऊन आले. एकदा नाही, दोनदा.

पहिल्या दिवशी पावणेसातला पोचलो, मी आणि मुलगा. गवत पिवळं पडलेलं, दव इतकं की साडी पोटरीपर्यंत भिजली. उजाडलं होतं पण ऊन नव्हतं, आणि खरंच, काही दिसत नव्हतं. मी मुलाला म्हटलं, थांबू. मग डोंगरामागून सूर्य आला आणि चराच्या एका काठावर काळी रेघ उमटायला लागली. दुसऱ्या काठावर बारीक उजळ रेघ. म्हणजे रेघ एक नाही, दोन असतात. एक अंधाराची, एक उजेडाची, आणि मध्ये खड्डा. मी अंगठा घालून बघितला. पाऊण तासात ऊन वर आलं तशी ती परत बुजत गेली.

येताना गाडीवर मागे बसून एकच डोक्यात होतं. हे तर टाक्याचं काम आहे. पोटात थर असले आणि धावदोरा ओढून घेतला की कापड दोन्हीकडून फुगतं आणि टाक्याच्या जागी चर पडतो. गोधडीवर हात फिरवला की जे लागतं ते तेच. लहानपणी मी झोप येईपर्यंत त्या चरांतून बोट फिरवत असे. हे माझ्या हाताला चाळीस वर्षं माहीत होतं आणि मी आमसुली कापड कापत बसले होते.

तर सगळे तुकडे चादरीवरून उतरवले. आता एकसंध कापड घेणार, तुकडा नाहीच. सासऱ्यांचं जुनं धोतर आहे, मऊ पण विरलेलं नाही (शिंपीदादा, ताणून, उजेडात धरून बघितलंय). ते तुरटीच्या पाण्यातून काढून खैराच्या काताच्या पाण्यात उकळलं. पहिल्यांदा पानाच्या पिंकेसारखा रंग आला, मग लोखंडी कढईत पुन्हा उकळलं तर बरोबर ओल्या जांभ्यासारखा झाला. अख्खा हत्ती करणार नाही. फक्त पाठीची रेघ जिथे वळते तेवढीच.

गावठी_शिंपी | ९ नोव्हेंबर, रात्री ८.५०

लोखंडाने रंग गडद होतो पण कापड हळूहळू कुजतं. एकदाच ठीक. आता साध्या पाण्यातून चांगलं खळबळून घ्या, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. बाकी ऐकून बरं वाटलं.

ओहायोची_वहिनी | १० नोव्हेंबर, सकाळी ६.४०

तुम्ही म्हणताय ती एकसंध कापडावरची, नुसत्या टाक्यांची गोधडी. इकडे हा प्रकार फार जुना आहे. एक क्लृप्ती सांगते. चराच्या दोन्ही बाजूंना दोन रांगा अगदी जवळ घाला, मधली जागा दाट टाक्यांनी दाबून टाका, आणि बाहेरची जागा मोकळी सोडा. जिथे टाका दाट तिथे कापड बसतं, जिथे विरळ तिथे फुगतं. पोटात काय घालताय? बाजारातलं वॅडिंग मिळत नसेल तर जुन्या लोकरी ब्लँकेटचा एक थर उत्तम. कापसाने गुठळ्या होतात.

उगाच_विचारतो | १० नोव्हेंबर, दुपारी १.१५

मान्य नाही अजून. पण वाचतोय.

सड्याखालची | ३० नोव्हेंबर, संध्या. ५.३५

उशीर झाला, मध्ये भातकापणीची माणसं होती.

साडेतीन हात लांब, दोन हात रुंद काम. पोटात जुन्या ब्लँकेटचे दोन थर, मागे मांजरपाट. मशीनवर सुरू केलं आणि सोडून दिलं. मशीनची रेघ फार सरळ मनाची. छिन्नीने कोरलेली रेघ कुठे खोल, कुठे उथळ, कुठे घसरलेली असते. मग जाड दोरा घेऊन हातानेच. टाके काही लांब, काही आखूड, मुद्दाम नाही, संध्याकाळी डोळे दमतात म्हणून.

दोन आठवड्यांनी चादरीवर लावलं आणि पोटात गोळा आला. काहीच दिसेना! नुसतं तपकिरी फडकं. मुलगा शाळेतून आला, दारात उभा राहिला, म्हणाला, आई, इथे नेहमी दुपारचे बारा असतात.

माझी चादर दारासमोरच्या भिंतीवर. दार चांगलं सहा फुटी, सगळा उजेड समोरून सपाट येतो. सहा वर्षं मी तिथे उभं राहून रंगच बघत आले, कारण त्या उजेडात रंगाशिवाय काही दिसायचंच नाही. चादर उखडून दाराच्या बाजूच्या भिंतीवर ठोकली. आता उजेड आडवा येतो. चार वाजता हत्तीची पाठ अशी उठते की मांजराने नख मारून बघितलं.

मागच्या सहा वर्षांची कामंही एकेक करून त्या भिंतीवर लावून बघतेय. दोन बरी आहेत. एक तर मी फुकट गेली म्हणून कपाटाच्या वर टाकली होती.

कातळवाट | ३० नोव्हेंबर, संध्या. ६.१०

मुलाला गाइड करा. माझ्याकडे जागा आहे.

चिपळूणची_काकू | ३० नोव्हेंबर, रात्री ८.००

आणि हिरवं लुगडं?

सड्याखालची | ३० नोव्हेंबर, रात्री ८.१२

फाडलं काकू. अर्धंच. आवाज खरंच सुंदर येतो. कारवारकडच्या ताईंनी सांगितलं तसं कडेपासून सुरू केलंय, मध्यभागी काय येणार माहीत नाही. हे पांघरायला आहे, उगाचभाऊंनी नोंद घ्यावी.

उगाच_विचारतो | ३० नोव्हेंबर, रात्री ८.४०

घेतली. एक खरंच विचारायचं होतं. गडद कापडावर हत्तीची रेघ आखली कशाने? माझ्या बायकोने आजीची फाटकी गोधडी दुरुस्तीला काढलीय, तिला खडूने आखून जमत नाहीये, हात लागला की पुसतं. आणि सासऱ्यांना धोतराचं कळलं का?

सड्याखालची | ३० नोव्हेंबर, रात्री ९.०५

अंघोळीच्या साबणाची झिजून पातळ झालेली वडी, चांगली आठवडाभर सुकवलेली. कड धारदार असते, रेघ बारीक येते आणि पहिल्या धुण्यात जाते. पांढराच साबण घ्यायला सांगा, लाल-हिरवा नको.

धोतराचं कळलं. दुसरं दोरीवर वाळत होतं, ते आत नेऊन ठेवलंय त्यांनी.